लग्नाचा डीजे रात्री १० नंतरही वाजतोय?

लातूर असो की परभणी, लग्नसराईत मंगल कार्यालयाशेजारच्या घरांची झोप उडतेच. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. कुणी ‘परवानगी काढलीय’ म्हणालं तर कागद बघायला मागा, लाऊडस्पीकरला ती लेखीच लागते. आणि ती असली तरी मर्यादा सुटत नाही. आवाज चालू असतानाच ११२ ला फोन करा, वेळ लिहून ठेवा. घरात आजारी माणूस असेल तर अजिबात संकोचू नका. कार्यालयाच्या मालकांनो, तुमच्या हद्दीवर आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त चढता कामा नये. बुकिंगच्या पावतीवरच ही अट छापा.