नानखलिया थंड होऊ देऊ नका : खाण्याचे फोटो काढताना या चुका टाळा

छत्रपती संभाजीनगर आणि आसपासच्या जिल्ह्यांतील लहानमोठ्या खानावळी, मिठाईची दुकाने आणि बेकऱ्या यांच्या मेनूकार्डांसाठी मी बरीच वर्षे फोटो काढत आलो आहे. त्यामुळे ओळखीचे आणि अनोळखी असे अनेक जण आपले फोटो मला दाखवतात आणि ‘पदार्थ इतका चांगला होता, मग फोटो असा मळकट का आला?’ असे विचारतात. दहापैकी आठ वेळा उत्तर तेच असते, आणि तेच पुन्हा पुन्हा सांगून थकल्यामुळे ते एकदा नीट लिहून काढत आहे.

आधी आपल्या खाण्याचा स्वभाव ध्यानात घ्यावा. कुंथलगिरीचा पेढा, खव्याचे गुलाबजाम, निजामाच्या राजवटीपासून आपल्या लग्नांत रुळलेले डबल का मीठा (पावाचा) आणि खुबानी का मीठा (जर्दाळूचा), नानखलियावरची, म्हणजे नानसोबत खायच्या मटणाच्या रश्श्यावरची तर्री, शेतात साजऱ्या होणाऱ्या वेळ अमावस्येचे बाजरीचे उंडे या सगळ्यांत हिरव्या-जांभळ्या रंगांचा आधार जवळजवळ नाही. हे पदार्थ तपकिरी, लालसर किंवा पांढरे असतात. त्यांचे देखणेपण रंगात नसून पोतात आणि चकाकीत असते. पोत दिसायला उजेड बाजूने किंवा मागून यावा लागतो. समोरून पडलेला उजेड पेढ्याचा रवाळपणा पुसून टाकतो आणि त्याला मातीच्या गोळ्याची कळा आणतो.

सर्वांत मोठी चूक : ट्यूबलाइटखाली बसणे आणि वरून फ्लॅश मारणे

नवशिका माणूस दुकानात शिरतो, पंख्याखालची मधली जागा धरतो आणि पदार्थ आल्यावर उजेड कमी वाटला की फ्लॅश लावतो. फोनचा फ्लॅश लेन्सच्या अगदी शेजारी असतो, म्हणून सगळ्या सावल्या पदार्थाच्या मागे जाऊन लपतात आणि गुलाबजामवर एक पांढरा ठिपका तेवढा उरतो. तोच गुलाबजाम खिडकीचा उजेड बाजूने पडेल असा ठेवला, तर पाकावर उजेडाची लांब मऊ रेघ उमटते, आणि ती रेघ पाहूनच पाहणाऱ्याला पाक ओला आहे हे कळते.

दुसरी अडचण दोन उजेडांच्या मिश्रणाची आहे. उजेडाची रंगछटा केल्व्हिनमध्ये मोजतात; आकडा लहान तितका उजेड पिवळा, मोठा तितका निळसर. पिवळा एलईडी बल्ब साधारण २७०० ते ३००० केल्व्हिनचा असतो, पांढरा शुभ्र ट्यूबलाइट ६५०० केल्व्हिनच्या आसपास असतो आणि दुपारचा सूर्यप्रकाश सुमारे ५५०० केल्व्हिनचा असतो. कॅमेरा एका वेळी यांपैकी एकाच उजेडाला ‘पांढरा’ मानू शकतो. दाराकडून दिवसाचा उजेड आणि डोक्यावरून पिवळा बल्ब असे दोन्ही असतील, तर वाटीची एक बाजू निळसर आणि दुसरी पिवळी येते. नंतर कितीही बटणे फिरवली तरी दोन्ही बाजू एकदम सुधारत नाहीत. अशा वेळी मी मालकांना विनंती करून माझ्या टेबलावरचा दिवा पाच मिनिटे बंद करून घेतो. आजवर कोणीही नकार दिलेला नाही, कारण विचारण्याआधी मी पदार्थाची मागणी केलेली असते.

फोटोवर आडवे काळपट पट्टे येत असतील, तर फोन बिघडलेला नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे पुष्कळ दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, आणि शटर फार वेगवान असले, म्हणजे कॅमेरा फारच थोडा वेळ उजेड आत घेत असला, की ते लुकलुकणे पट्ट्यांच्या रूपाने पकडले जाते. फोनच्या प्रो मोडमध्ये शटर १/१०० किंवा १/५० सेकंदावर ठेवावे, पट्टे जातात.

मी सकाळी साडेअकरा किंवा दुपारी चारच्या सुमारास जातो. तेव्हा गर्दी नसते आणि दाराजवळचे टेबल मागता येते. पिशवीत एक धुतलेला पांढरा पंचा असतो. ऊन थेट येत असेल तर दोन खुर्च्यांच्या पाठींवर तो पसरून त्यातून उजेड गाळून घेतो, आणि सावली फार गडद पडत असेल तर घडी करून ताटाच्या पलीकडे उभा धरतो. या पंच्यापुढे मला आजवर कोणत्याही महागड्या साधनाची गरज पडलेली नाही. म्हणूनच खिडकीचा उजेड वाचायला शिकण्याआधी रिंगलाइट विकत घेणाऱ्या उतावळ्या मुलांचे मला वाईट वाटते. त्या गोल दिव्याने पाकावर पांढरे कडे उमटते, आणि ते कडे पदार्थाचे नसून दिव्याचे आहे हे प्रत्येकाला दिसते.

पदार्थ मरेपर्यंत फोटो काढत बसणे

ही चूक मला सर्वांत जास्त लागते, कारण तिच्यात फोटोही जातो आणि जेवणही जाते.

तीन-चार वर्षांपूर्वी, डिसेंबरातल्या एका थंड संध्याकाळी, पुण्याहून आलेल्या माझ्या भाच्याला आणि त्याच्या मित्रांना मी जुन्या शहरात नानखलिया खायला घेऊन गेलो. मुहम्मद बिन तुघलकाने १३२७ साली राजधानी दौलताबादला हलवली, तेव्हा त्याच्या सैन्याच्या भटारखान्यातून हा पदार्थ इथे आला, असे आमच्याकडे परंपरेने सांगतात. मी ही हकिकत सांगत असतानाच वाट्या आल्या. लाल तर्री वाटीच्या काठापर्यंत थरथरत होती, वाफ निघत होती, आणि नानचा पिवळसर पापुद्रा दिव्याखाली चमकत होता. मी दोन फोटो काढले आणि नान तोडला. मुलांचे मात्र सुरूच राहिले. एक जण खुर्चीवर उभा राहून वरून फोटो घेऊ लागला, दुसऱ्याने वाट्या एका रेषेत लावल्या, तिसऱ्याने हात मागे घ्यायला सांगितले आणि मग व्हिडिओ ठरला. वीस मिनिटे गेली.

मटणाची चरबी आपल्या अंगाच्या उष्णतेपेक्षा वरच वितळते, म्हणजे थंडीच्या रात्री ती टेबलावरच थिजू लागते. वाटीच्या काठाशी पांढरट कडे धरले, तर्रीवर साय आल्यासारखा पडदा बसला आणि नान चामड्यासारखा वातड झाला. शेवटचे पन्नास फोटो त्या पांढऱ्या कड्याचे होते. चांगले आलेले दोन-तीन फोटो पहिल्या मिनिटातलेच होते, हे मुलांनीच नंतर पाहून मला सांगितले. आतून वयस्क आचारी बाहेर आले, काही न बोलता सगळ्या वाट्या उचलून घेऊन गेले आणि पुन्हा गरम करून आणल्या. ठेवताना ते एवढेच म्हणाले, “पहले खा लेव बेटा, फोटो तो बाद में भी होते.” त्यांनी रात्रभर मंद आचेवर सांभाळलेला रस्सा आम्ही टेबलावर मरू दिला होता. भाच्याने तिथेच उठून त्यांची क्षमा मागितली.

तेव्हापासून माझा नियम ठरला आहे. पदार्थ येण्यापूर्वी सगळी तयारी उरकायची : जागा, उजेडाची दिशा, मागे काय दिसणार आणि टेबल पुसणे. रिकामी वाटी किंवा पाण्याचा पेला जागेवर ठेवून फोकस आणि एक्स्पोजर (फोटो किती उजळ येतो ते) पाहून घ्यायचे. पदार्थ आला की तीन फोटो, जास्तीत जास्त एक मिनिट, आणि मग फोन खिशात. तीन फोटोंत जमले नाही तर त्या दिवशी नुसते जेवायचे.

हे गणित पदार्थाप्रमाणे बदलते. कढईतून नुकतीच निघालेली उडदाच्या डाळीची इमरती काही मिनिटे चकाकती आणि कुरकुरीत राहते. आइस्क्रीमला अर्धे मिनिटही नसते. बीडचे सीताफळ, ज्याला भौगोलिक मानांकन लाभले आहे, फोडल्यावर हवेने काळवंडू लागते, म्हणून फोटोसाठी ते ताटात आल्यावरच फोडावे. पेढ्याला मात्र घाई नाही. उलट फ्रिजमधून काढलेला पेढा अर्धा तास बाहेर राहिल्याशिवाय खाऊही नये आणि टिपूही नये, कारण थंड पेढ्याचे तूप गोठलेले असते, चव मिटलेली असते आणि वरून तो निस्तेज दिसतो.

उन्हाला ‘नैसर्गिक उजेड’ समजणे

घरी केक करणाऱ्या बीडच्या एका ताईंनी मे महिन्यात फोटोंसाठी मला बोलावले. नैसर्गिक उजेडातच फोटो काढावेत हे त्यांनी कुठेतरी ऐकले होते, म्हणून दुपारी एक वाजता त्यांनी केक गच्चीवर मांडून ठेवला होता. आपल्याकडचा मे चाळिशीच्या पार जाणारा असतो. मी जिना चढेपर्यंत क्रीमची फुले मऊ होऊन एकमेकांत मिसळली होती, आणि प्रत्येक फुलाखाली शाईसारखी काळी सावली होती. त्या दिवशी एकही फोटो काढला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला, त्यांच्या घराच्या उत्तरेकडच्या दाराशी, उंबऱ्यापासून दोन हात आत पाटावर नवा केक ठेवला आणि दहा मिनिटांत काम झाले. उत्तरेच्या दारातून थेट ऊन फारसे आत येत नाही, आभाळच उजेड देते, आणि पांढऱ्या क्रीमचे पदर त्यातच सुटे दिसतात.

हीच चूक वेळ अमावस्येला लातूर-धाराशिवकडच्या शेतांत दिसते. कडब्याच्या कोपीतून, म्हणजे तात्पुरत्या झोपडीतून, ऊन झिरपते आणि भज्जीच्या (पालेभाज्या आणि शेंगांच्या दाण्यांच्या मिसळ भाजीच्या) पातेल्यावर पट्टेपट्टे पडतात. ताट कोपीच्या तोंडाशी, पूर्ण सावलीत पण उघड्या आभाळाकडे करून ठेवले, की आंबिलाचा पांढरेपणा आणि उंड्याच्या भेगा दोन्ही दिसतात.

पांढऱ्याला करडे आणि काळ्याला फिकट होऊ देणे

कॅमेरा समोरचे सगळे मध्यम करड्याच्या पातळीवर आणू पाहतो. त्यामुळे श्रीखंड, दही आणि सीताफळाचा गर राखाडी येतो, तर गडद गुलाबजाम धुरकट येतो. फोनच्या पडद्यावर पांढऱ्या पदार्थाच्या जागी बोट टेकवून शेजारी येणारी सूर्याची खूण थोडी वर सरकवावी आणि गडद पदार्थासाठी थोडी खाली आणावी. एवढ्याने निम्मे फोटो सुधारतात, आणि तरीही मला भेटणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ती खूण कधी हलवून पाहिलेली नसते.

फिल्टरविषयी माझे मत कठोर आहे. फोनमधल्या ‘फूड’ मोडने तर्री कुंकवासारखी होते आणि खवा केशरी होतो. भूम-परांड्याकडचा खवा ज्याने खाल्ला आहे, त्याला तो फोटो पाहताक्षणी परका वाटतो. रंग वाढवण्यापेक्षा व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याने कशाला पांढरे मानायचे ते, नीट करावे. ताटाखालचा पांढरा कागद किंवा बशीची कड पांढरी दिसू लागली की थांबावे.

लेन्स न पुसणे. तेलकट बोटाचा ठसा लेन्सवर असेल, तर प्रत्येक दिव्याभोवती धुके दिसते. सुती रुमालाने पुसावी, आणि वातानुकूलित गाडीतून उतरून गरम, दमट भटारखान्यात शिरला असाल तर लेन्सवरची वाफ जाईपर्यंत थांबावे.

फार जवळ जाणे. जवळून वाटी फुगते आणि कडा वाकतात, शिवाय फोनचा मुख्य कॅमेरा अगदी जवळचा फोकस धरत नाही. एक हात मागे सरकून दुप्पट झूम वापरावा.

सगळे वरूनच टिपणे. थाळी आणि इमरती वरून चांगल्या दिसतात. केक, क्रीमरोल आणि खारी यांचे थर बाजूला असतात, म्हणून तिथे फोन टेबलाच्या पातळीवर आणावा. खारी आधी मोडावी, कारण तिचे पदर मोडल्यावरच दिसतात. गुलाबजामही एक चमच्याने कापून ठेवावा. पाक आतपर्यंत मुरला आहे की मध्ये कोरडी गाठ राहिली आहे, ते त्यातून कळते, आणि चांगल्या हलवायाला ते दाखवण्याचा अभिमान असतो.

न विचारता इतरांना टिपणे. छोट्या गावांत शेजारच्या टेबलावर कोणाचे कुटुंब बसलेले असते. त्यांचे चेहरे येत असतील तर कोन बदलावा. नांदेडला सचखंड श्री हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये पंगतीत बसलो की मी फोन बाहेर काढतच नाही. तिथे डोके झाकून, ओंजळीत घेतलेला कडाह प्रसाद (तुपातला गोड शिरा) गरम असतानाच खायचा असतो.

एकदम पाच गोड पदार्थ मागवणे. टेबल भरलेले दिसते, पण खुबानीनंतर डबल का मीठा खाल्ला की त्याची वेलची जिभेला लागतच नाही, आणि उरलेले टाकून द्यावे लागते. मी एका वेळी एकच गोड मागवतो, त्याचा फोटो घेतो, तो संपवतो आणि मग दुसऱ्याचा विचार करतो.

शेवटची तक्रार छपाईची आहे. चांगला आलेला फोटो व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा पाठवला की तो दाबून लहान केला जातो. तोच फोटो छापखान्यात गेला, की मेनूकार्डावरचा पेढा पुसट होतो आणि दोष फोटो काढणाऱ्यावर येतो. म्हणून मी फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवतो आणि छापखान्यातल्या माणसाला फोन करून त्याच्याकडे पोहोचलेल्या फाइलचा आकार विचारतो. तो माझ्याकडच्या आकाराशी जुळला, तरच छपाईला होकार देतो.