रोहिणी ते मृग: पावसाआधीचे पंधरा दिवस

२५ मेच्या सुमारास रोहिणी नक्षत्र लागतं आणि ७-८ जूनला मृग. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात वर्षातली सगळ्यात जास्त कामं याच पंधरा दिवसांत अंगावर येतात. सगळीच तातडीची वाटतात, म्हणून निवड करताना मी एकच प्रश्न विचारतो: पाऊस पडल्यावर हे करता येईल का? नाही म्हणालात तर ते आज करा. कुंपण, रंगरंगोटी, अवजारांचे दांडे बदलणं पुढे ढकललं तरी चालतं. बियाणं, चारा, सरपण आणि जनावरांची लस मात्र थांबत नाही.

सोयाबीनचं बियाणं घरचं असो की दुकानातलं, उगवण तपासल्याशिवाय पेरू नका. २०२० च्या खरिपात बियाणं उगवलं नाही म्हणून मराठवाड्यात हजारो तक्रारी झाल्या. त्या वर्षी आमच्याही तीन एकरांत पेरलेल्या ओळीच्या ओळी रिकाम्या राहिल्या. बियाणं आमचं स्वतःचंच होतं. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये काढणीच्या वेळी पावसात भिजलेलं, पण वाळवल्यावर दिसायला चांगलं. सोयाबीनचं टरफल फार पातळ असतं आणि आतला अंकुर त्याच्या अगदी लगत. भिजलं, आपटलं किंवा पोत्यांच्या थप्पीखाली दबलं की बाहेरून टपोरा दिसणारा दाणा आतून मेलेला असतो. डोळ्यांना ते कळत नाही.

तपासणीला खर्च नाही, फक्त आठवडा लागतो. म्हणून ती रोहिणीतच व्हायला हवी. प्रत्येक पोत्यात वर, मध्ये आणि तळाशी हात घालून मूठमूठ दाणे काढा आणि एकत्र मिसळा. त्यातले न निवडता शंभर दाणे घ्या. चांगले तेवढे वेचायचा मोह होतो, तो टाळा. धुतलेलं गोणपाट भिजवून पसरा, त्यावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडा, वर दुसरं ओलं गोणपाट टाकून गुंडाळी करा आणि घरात सावलीला ठेवा. रोज पाणी शिंपडा, पण निथळेल इतकं नको. सहाव्या-सातव्या दिवशी उघडून मोजा. मूळ आणि कोंब दोन्ही धड असतील तेच दाणे धरायचे. अशा तीन गुंडाळ्या करून सरासरी काढली तर आकड्यावर भरवसा ठेवता येतो.

सत्तर किंवा त्याहून जास्त उगवले तर एकरी ३० किलो बियाणं पुरतं. पासष्ट आले तर ३२ किलोच्या वर, साठ आले तर ३५ किलो घ्या. साठच्या खाली गेलं तर ते बियाणं बाजूला काढा, दुसरं शोधायला अजून वेळ आहे. बीजप्रक्रियेचा क्रम आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि पेरणीच्या तोंडावर सगळ्यात शेवटी रायझोबियम हे जिवाणू खत, १० किलोला २५० ग्रॅम. हलक्या हातानं चोळा, टरफल सुटता कामा नये, आणि सावलीत सुकवा. बियाणं विकतचं असेल तर पक्की पावती, पिशवीवरचं लेबल आणि मूठभर दाणे पीक घरी येईपर्यंत जपून ठेवा.

आता चारा. मोठं जनावर दिवसाला पाच-सहा किलो कडबा खातं. नवीन हिरवा चारा हाताशी यायला दोन महिने धरले तर एका जनावराला साडेतीनशे किलोच्या घरात कडबा लागतो. आपल्याकडच्या दोन-चार पेंढ्या तोलून बघा आणि गंजीत किती दिवसांचं आहे याचा हिशेब आताच घाला. आषाढात कडबा विकत घ्यायला निघालं तर दरही चढा आणि मालही भिजका. गंज जमिनीला टेकवू नका, खाली दगड-लाकडं घालून फूटभर उचला. बुरशीनं काळा पडलेला चारा उपाशी जनावरालाही घालू नये.

घटसर्प आणि फऱ्याची लस गाई-म्हशी-बैलांना, आंत्रविषाराची शेळ्या-मेंढ्यांना. लस टोचल्यावर अंगात ताकद यायला दोन-तीन आठवडे लागतात, त्यामुळे पाऊस सुरू झाल्यावर धावण्यात निम्मा फायदा जातो. अजून टोचून घेतली नसेल तर उद्याच पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन या.

सरपण आणि गोवऱ्या वळवाच्या आधी आडोशाला घ्या, पण घराच्या भिंतीला लागून रचू नका. पावसाळ्यात तिथे उंदीर येतात आणि त्यांच्या मागे साप. धान्य दोन कडक उन्हं दाखवून, गार झाल्यावरच कणगीत भरा. गरम भरलं तर आत घाम धरतं आणि किडा लवकर लागतो.

वळवाचा पहिला दमदार पाऊस झाला की संध्याकाळी कडुलिंब आणि बाभळीखाली बॅटरी घेऊन जा. हुमणी म्हणजे जमिनीत राहून पिकाची मुळं खाणारी अळी; तिचे भुंगेरे दिवस मावळताच पाला खायला येतात. फांद्या हलवून खाली पाडा आणि रॉकेल घातलेल्या पाण्यात टाका. एक मादी पन्नासच्या आसपास अंडी घालते, आणि जमिनीतली अळी मारणं फार अवघड असतं. एकट्या घरानं हे करून भागत नाही, सगळ्या शिवारानं त्याच आठवड्यात करायला हवं. २०२२ मध्ये लातूर, बीड, धाराशिव भागात गोगलगायींनी कोवळं सोयाबीन फस्त केलं होतं. ज्यांच्या रानात तेव्हा त्या होत्या त्यांनी बांधावरचे दगड-पाचटाचे ढीग आताच हलवावेत, त्या तिथेच दडून असतात.

त्याच कडुलिंबाखाली जून-जुलैत निंबोळ्या पडतील. पिवळ्या पिकलेल्या वेचा, गर धुऊन सावलीत वाळवा. ५ किलो निंबोळीची भरड रात्रभर १० लिटर पाण्यात भिजवून सकाळी फडक्यातून गाळली, त्यात २०० ग्रॅम साबणाचा चुरा घालून एकूण १०० लिटर केलं की पाच टक्क्यांचा अर्क तयार. श्रावण-भाद्रपदात फवारणीला घरचंच औषध. आमच्याकडे हे काम घरातल्या बायका आणि पोरांनीच वर्षानुवर्षं केलंय आणि एकदोन फवारण्यांचा खर्च त्यांनी वाचवलाय. तो हिशेबात धरा.

पेरणीची घाई मात्र करू नका. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन वापसा येईपर्यंत, म्हणजे जमीन ओली पण चिखल नाही अशी होईपर्यंत, पेरणीची तिफण घरीच. शेजाऱ्यानं पेरलं म्हणून आपण पेरायचं नसतं, त्याच्या रानातला पाऊस आणि आपला वेगळा असू शकतो. सरळ भिंतींचा, सपाट बुडाचा पत्र्याचा डबा अंगणात उघड्यावर मांडा, झाडाखाली नको आणि पागोळ्यांपासून लांब. रोज सकाळी पट्टीनं आतलं पाणी मोजा, कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकटीत लिहा आणि डबा रिकामा करून परत ठेवा.