गावच्या अग्निशमन पथकासाठी एईडी कसं निवडावं

जिनिंगमध्ये कपाशीच्या गंजीला आग लागली की तालुक्याचा बंब येईपर्यंत गावातलीच पोरं टँकर आणि पाइप घेऊन भिडलेली असतात. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या अशा एखाद्या स्वयंसेवी पथकाने वर्गणी काढून एईडी, म्हणजे लय बिघडून नुसत्या थरथरणाऱ्या हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र, घ्यायचं ठरवलं असेल तर हा लेख त्यांच्यासाठी आहे.

यंत्र लागतं ते आधी आपल्याच माणसाला. अमेरिकेत कामावर असताना मरण पावणाऱ्या अग्निशामकांपैकी जवळपास निम्मे हृदयविकाराने जातात. धूर, उष्णता आणि एकदम अंगावर पडलेले कष्ट हृदयाला झेपत नाहीत. आपल्याकडे त्यात शेतातल्या मोटारीचा शॉक धरा. विजेच्या धक्क्याने हृदयाची लय बिघडून ते नुसतं थरथरत राहतं, आणि ही थरथर एईडी मोडू शकतं. झटका मिळायला जितका उशीर, तितकी आशा कमी: छाती दाबणंही सुरू झालं नसेल तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला ७ ते १० टक्क्यांनी घसरते. १०८ ला फोन लगेच करायचाच, पण धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावर गाडी चढेपर्यंत किती वेळ जातो ते तिथल्या लोकांना सांगायला नको.

आधी जागा ठरवा, मग यंत्र

बहुतेक पथकं कंपनीच्या नावापासून सुरुवात करतात. माझ्या मते सुरुवात जागेपासून व्हावी. बहुतेक एईडींच्या माहितीपत्रकात चालण्याचं तापमान ० ते ५० अंश दिलेलं असतं. मे महिन्यात भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो. उन्हात उभ्या बंबाची बंद केबिन ५० केव्हा ओलांडते ते कळतही नाही. त्या उष्णतेत बॅटरीचं आयुष्य घटतं आणि झटका देण्यासाठी छातीला लावायच्या पॅडवरची चिकट जेल वाळते. वाळलेलं पॅड छातीला नीट चिकटत नाही, मग महागातलं यंत्रही हतबल.

म्हणून यंत्र कायमचं गाडीत ठेवू नका. ग्रामपंचायतीच्या कुलूपबंद कपाटातही नको. रात्री दोनला चावी कोणाकडे शोधणार? टँकरची चावी ज्याच्या घरी असते त्याच्याच ओसरीवर, सावलीत, हाताला येईल असं टांगा. निघताना पाइपाबरोबर तेही उचललं जातं. (फ्रीजमध्ये ठेवायची कल्पना कोणीतरी काढतंच. ती तिथेच मोडून काढा.)

माहितीपत्रकात काय बघायचं

आयपी आकडा, म्हणजे यंत्र धूळ आणि पाणी किती रोखतं ते सांगणारा आकडा, बघा. आयपी ५५ मधला पहिला ५ धुळीसाठी, दुसरा पाण्याच्या फवाऱ्यासाठी. आगीच्या ठिकाणी दोन्ही भरपूर, तेव्हा यापेक्षा कमी घेऊ नका. चार्ज करावी लागणारी बॅटरी टाळा. वर्षानुवर्षं तयार राहणारी लिथियमची बॅटरी बरी, भारनियमनाशी तिचं देणंघेणं नाही. यंत्र स्वतःची तपासणी स्वतः करून हिरवा दिवा दाखवणारं हवं. पॅड आधीच जोडून ठेवता येत असतील तर उत्तम. ८ वर्षांखालच्या किंवा २५ किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलासाठी वेगळं बटण, किल्ली किंवा पॅड आहे का तेही विचारा.

‘चुकून शॉक बसला तर?’ हा प्रश्न बैठकीत हमखास येतो. यंत्र आधी हृदयाची लय वाचतं आणि गरज नसेल तर बटण दाबूनही झटका देत नाही. अर्ध-स्वयंचलित घ्यावं, म्हणजे बटण माणूसच दाबतो आणि आजूबाजूचे लोक दूर झालेत का हे बघायला त्याला क्षण मिळतो.

प्रात्यक्षिक गावातच मागा

विक्रेत्याला कार्यालयात बसवून चहा पाजू नका, टँकरजवळ न्या. ‘साहेब, पंप चालू करतो, आता बोलू द्या तुमच्या यंत्राला.’ आवाज ऐकू आला नाही तर बाकी सगळ्या गुणांवर पाणी. यंत्र बोलून देतं त्या सूचना मराठीत किंवा निदान हिंदीत हव्यात. मग पथकातल्या सगळ्यात लाजऱ्या पोराच्या हातात यंत्र द्या आणि कोणी काही सांगू नका. त्याने आवाज ऐकून पॅड बरोबर लावले, एक उजव्या हासळीखाली आणि दुसरं डाव्या काखेखाली, तर यंत्र गावात चालेल.

दरपत्रक

यंत्राची किंमत लाखाच्या आगेमागे जाते, पण खरा खर्च पुढे आहे. पॅडची मुदत साधारण २ ते ५ वर्षं, आणि एकदा वापरले की नवे घ्यावेच लागतात. बॅटरीही ४-५ वर्षांनी बदलावी लागते. दोन्हींचे आजचे दर लेखी घ्या, आणि जळगाव किंवा नाशिकहून माल किती दिवसांत मिळेल तेही. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेचा परवाना क्रमांक मागा. द्यायला खळखळ करणाऱ्याकडून घेऊ नका. जुनं, स्वस्तातलं यंत्र मिळत असेल तर त्याचे पॅड अजून बनतात का हे आधी विचारा.

पिशवीत आणि पथकात

यंत्राबरोबर कपडे कापायला कात्री, छातीवरचे केस काढायला रेझर, कोरडा पंचा आणि हातमोजे ठेवा. तापीतून काढलेल्या किंवा पाण्याने भिजलेल्या माणसाची छाती पुसल्याशिवाय पॅड लावायचे नाहीत. शेतात शॉक लागलेला असेल तर स्टार्टर-फ्यूज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत त्याला हातच लावायचा नाही. यंत्र लय वाचत असताना गाडी थांबलेली हवी.

यंत्र येईपर्यंत आणि दोन झटक्यांच्या मधे छाती दाबायची असते: मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसात ५ ते ६ सेंटिमीटर खोल. हे शिकवायला सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांना विनंती करा. सराव पोळ्याआधी एकदा आणि होळीआधी एकदा ठेवा, म्हणजे आगीच्या दिवसांत हात बसलेला असतो. हिरवा दिवा आणि पॅडची मुदत दर महिन्याला बघायचं काम मात्र एकाच माणसाच्या नावावर लिहा. सगळ्यांचं काम म्हटलं की ते कोणीच करत नाही.