शाळेत असताना डोक्यावर घेतलेला तलवारबाजीचा सिनेमा पुन्हा पाहताना

विरस झाला तर खापर सिनेमावर किंवा आपल्या वयावर फोडण्याआधी प्रत तपासा. बहुतेक वेळा घोळ तिथेच असतो.

पण त्याही आधी, आठवतात ते प्रसंग कागदावर लिहून काढा. दहा मिनिटं पुरे. तोवर क्लिपा पाहायच्या नाहीत, नाहीतर जुनी आठवण कुठली आणि आत्ता पाहिलेलं कुठलं, हे कळेनासं होतं.

मग लांबी पाहा. सिनेमा सेकंदाला 24 फ्रेमने, म्हणजे 24 स्थिर चित्रांनी चालतो. पॅल या जुन्या प्रक्षेपण पद्धतीच्या टीव्हीवर तो 25 ने पळवत. त्यामुळे 120 मिनिटांचा सिनेमा साधारण 115 मिनिटांत आटोपतो. तूट एवढीच असेल तर काही कापलेलं नाही. याहून जास्त असेल तर कात्री लागलेली असणार.

चित्राचा आकार त्याहून महत्त्वाचा. 2.35:1 चं (रुंदी उंचीच्या 2.35 पट) चित्र जुन्या टीव्हीच्या 4:3 च्या पडद्यावर कडेपर्यंत भरलं की सुमारे 43 टक्के भाग गळतो, आणि द्वंद्वात दोघांपैकी एकजण पडद्याबाहेरूनच वार करतो! वरखाली काळ्या पट्ट्या आल्या तर येऊ द्या, झूम करू नका. सिनेमास्कोप, म्हणजे रुंद चित्राची पद्धत, आली 1953 मध्ये. त्याआधीच्या सिनेमांचं चित्र रुंदीला कमी, जवळपास चौरसच असे. ते ताणलं की नायक जाडा दिसतो.

टीव्हीतलं मोशन स्मूदनिंग बंद करा. ते चालू असलं की सगळं मालिकेसारखं गुळगुळीत दिसतं आणि तलवारीच्या पात्याभोवती चित्र फाटतं.

पहिल्यांदा न थांबवता, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून पाहा. खरी मजा नंतर: फक्त शेवटचं द्वंद्व, आवाज बंद करून, निम्म्या वेगाने. पात्यांकडे नको, पायांकडे बघा. कसलेला नट पुढे-मागे होत अंतर सांभाळतो. कच्चा नट जागच्या जागी पात्यावर पातं आपटत राहतो. खांद्यामागून पाठमोरं दृश्य आलं, टोपी खाली ओढलेली असली, की बदली माणूस असल्याचा संशय घ्यावा. झगा किंवा घोड्याची शेपटी झटक्याझटक्याने हलत असेल तर कॅमेरा मुद्दाम हळू चालवलेला असतो: 20 फ्रेमने टिपलेलं 24 ने दाखवलं की हालचाल 20 टक्के वेगवान होते.

आता तो कागद काढा. यादीतला एखादा प्रसंग सापडलाच नाही, तर तो सिनेमाच्या दुसऱ्या भागातला किंवा जुन्या ट्रेलरमधला असू शकतो; तेही पाहा.