जिमनीला लिफ्ट बसवताय? मग या चुका टाळा

पावसाळा लागला की ताम्हिणी-मुळशी बाजूला चिखलात मारुती जिमनीसारख्या ४x४ गाड्या घालणारी मंडळी वाढतात, आणि पहिल्याच ट्रिपला गाडीचं पोट घासलं की दुसऱ्या दिवशी फोन येतो, "अरे, दोन इंचाचं लिफ्ट किट टाकू का?" लिफ्ट किट म्हणजे गाडी उंच करणाऱ्या स्प्रिंग-शॉकअपचा संच. टाका की, पण कशासाठी टाकताय ते आधी नीट समजून घ्या, कारण सगळ्यात मोठी चूक तिथेच होते.

जिमनीला पुढे आणि मागे दोन्हीकडे, दोन्ही चाकांना जोडणारा अख्खा अ‍ॅक्सल आहे. स्प्रिंग उंच केली की चेसिस आणि बॉडी वर जाते, अ‍ॅक्सल मात्र होता तिथेच राहतो. म्हणजे डिफखालची (डिफरेन्शियल, अ‍ॅक्सलवरचा गिअरचा फुगीर डबा) जागा लिफ्टने एक मिलिमीटरही वाढत नाही! ती वाढते फक्त मोठ्या टायरने, आणि तीसुद्धा निम्मीच. कंपनीचा १९५/८० आर १५ टायर उंचीला साधारण ६९३ मिमी भरतो, २३५/७५ आर १५ घातला तर ७३३ च्या आसपास, म्हणजे टायर ४० मिमीने वाढला तरी डिफ वर जाणार २० मिमी. मग लिफ्टचा उपयोग काय? आपल्याकडची जिमनी ५ दरवाजांची, व्हीलबेस २५९० मिमी, त्यामुळे उंचवटा ओलांडताना मधला अँगल २४ डिग्रीच मिळतो आणि पोट टेकतं. तिथे लिफ्ट कामाला येते, शिवाय मोठा टायर आर्चला घासत नाही. तुमचा डिफच दगडावर बसत असेल तर पैसे टायरमध्ये घाला.

दुसरी चूक स्प्रिंग निवडताना. लोखंडी बंपर नाही, विंच नाही, मागे सामान नाही, आणि स्प्रिंग मात्र हेवी लोडची. अशी गाडी रस्त्यावर आपटत जाते आणि ऑफरोडला चाक खाली सोडतच नाही. आणि नुसते स्पेसर टाकून शॉकअप जुनेच ठेवू नका, शॉकअप लवकर पूर्ण ताणला जातो, चाक लटकायला प्रवासच उरत नाही.

आता खरा मुद्दा, जो बरेच जण किट बसवून झाल्यावर शिकतात. अ‍ॅक्सल चेसिसला आर्म (लांबीच्या दिशेचे दांडे) आणि पॅनहार्ड रॉडने (आडवा दांडा) धरलेला असतो. चेसिस वर गेली की हे सगळे दांडे तिरपे होतात. पुढच्या आर्मने अ‍ॅक्सल थोडा फिरतो आणि २ इंचाला दोन-तीन डिग्री कॅस्टर (चाक वळतं त्या अक्षाचा मागे झुकलेला कोन) कमी होतो. मग वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ येत नाही, हायवेला गाडी हलकी, भरकटल्यासारखी वाटते. अलाइनमेंटवाला टो-इन (चाकं पुढून किती आत वळलेली आहेत ते) बघून "ओके आहे" म्हणतो, कारण टो-इन खरंच ओके असतो! त्याला कॅस्टरचा आकडा विचारा. त्यावर कॅस्टर बुश (आर्मच्या टोकातले, कोन सुधारणारे रबरी तुकडे) किंवा करेक्शनचे आर्म हा उपाय, आणि त्याचे पैसे किटच्या बजेटमध्येच धरा.

पॅनहार्ड रॉड अ‍ॅक्सलला एका बाजूला ओढतो. बघायचं कसं? गाडी सपाट फरशीवर, चाकं सरळ, फेंडरच्या कडेवरून ओळंबा सोडायचा आणि दोरी ते टायर अंतर पट्टीने मोजायचं, मग दुसऱ्या बाजूला तेच. मी माझ्या गाडीला पार्किंगमध्ये मोजलं तेव्हा दोन बाजूंत चांगला बोटभर फरक निघाला. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नव्हता. अ‍ॅडजस्टेबल रॉडने तो निघतो. स्टेअरिंग व्हील वाकडं बसलं तर ड्रॅग लिंकवरून (स्टेअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणारा दांडा) सरळ करायचं, व्हील काढून फिरवून लावायचं नाही, नाहीतर ईएसपीला (घसरताना गाडी सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) गाडी सरळ चालली आहे हेच कळत नाही.

ब्रेकच्या होजबद्दल (ब्रेक ऑइलची रबरी नळी) मात्र मी हात जोडून सांगतो. एका गॅरेजमध्ये माझी गाडी लिफ्ट करून दिली, छान दिसत होती. घरी जॅक लावून चेसिसखाली घोड्या (लोखंडी स्टँड) दिल्या, चाकं मोकळी लटकू दिली आणि खाली वाकून बघतो तर पुढचा होज तारेसारखा ताणलेला, टोकाशी रबरावर बारीक पांढऱ्या रेषा. तो होज खडकात एक चाक लटकल्यावर तुटला असता तर उतारावर काय झालं असतं? त्यामुळे प्रत्येक लिफ्टनंतर चाकं पूर्ण खाली सोडा आणि होज, एबीएसची वायर, ब्रीदर पाइप (अ‍ॅक्सलमधली हवा बाहेर सोडणारी नळी), सगळं हाताने हलवून बघा. स्टेअरिंग दोन्ही टोकांना फिरवूनही बघा.

त्याच गॅरेजने अजून एक केलं होतं, गाडी हवेत असतानाच आर्मचे सगळे बोल्ट फुल टाइट. रबरी बुश लटकलेल्या पोझिशनला अडकतो, गाडी खाली आली की कायम पीळ बसलेला राहतो आणि काही महिन्यांत फाटतो, माझे फाटले. बोल्ट हाताने लावा, गाडी चाकांवर उतरवा, थोडी हलवा, मगच टॉर्क करा (ठरलेल्या जोराने आवळा).

६०-७० च्या स्पीडला स्टेअरिंग जोरजोरात थरथरायला लागलं तर लगेच नवा स्टेअरिंग डॅम्पर (थरथर शोषणारा छोटा शॉकअप) घेऊ नका, त्याने दुखणं झाकलं जातं. आधी व्हील बॅलन्सिंग, मग पॅनहार्डचे बुश, टाय रॉड एंड, किंगपिन बेअरिंग या क्रमाने बघा.

जिप्सीवाल्यांसाठी एकच, पाट्यांच्या स्प्रिंगना लांब शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला जोडणारी कडी) लावली तर शॅकल जेवढी वाढते त्याच्या निम्मीच गाडी उचलली जाते, आणि अ‍ॅक्सलचा अँगल बदलतो तो वेगळाच.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि २०१९ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल, दोन्ही कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून गाडी बदलण्याच्या विरोधात आहेत, आणि क्लेमच्या वेळी इन्शुरन्सवाले तेच काढतात. किट घेण्याआधी आरटीओत आणि इन्शुरन्स कंपनीत विचारून घ्या. हेडलाइटचा झोत खाली करा, समोरच्याच्या डोळ्यांत जातो. आणि ५०० किमी झाले की सगळे बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा.