चॉकलेट क्रीम बिस्किटाचा पुडा कसा वाचायचा

आमच्याकडं पोट्ट्यांना किराणा दुकानात गेलं की काळं क्रीमवालं बिस्किट लागतेच, तं पुडा फोडायच्या आधी मागची बारीक अक्षरं वाचत जा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहिलेले असतात म्हणजे जे जास्त ते पहिले, त्यामुळं मैदा, साखर आणि पाम तेल वरच दिसते अन् कोको पार खाली.

क्रीम दुधाच्या सायीचं असते का? नाही, बहुतेक ते साखर आणि वनस्पती तेल फेटून केलेलं असते, बोटानं चोळून पाहा, तेलकट लागते. तरी दुधाची ॲलर्जी असंन तं ॲलर्जीची ओळ वाचाच, आणि गव्हाची ॲलर्जी असंन तं मैदा गव्हाचाच असते हे पण ध्यानात ठेवा.

आयएनएस ३२२ पाहून घाबरू नका, आयएनएस म्हणजे खाण्यात मिसळलेल्या पदार्थांना दिलेले ठरलेले नंबर, ३२२ म्हणजे लेसिथिन, तेल अन् पाणी एकत्र धरून ठेवणारा पदार्थ, बहुतेक आपण वावरात पेरतो त्याच सोयाबीनमधून काढलेलं. ५०० म्हणजे सोडा. काळा रंग बहुतेक अल्कलीची, म्हणजे सोड्यासारख्या क्षाराची, प्रक्रिया केलेल्या कोकोचा असते. चौकोनात हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी.

पावसाळ्यात फोडलेला पुडा तसाच ठेवू नका, लगेच मऊ पडते, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात टाका.