घरात कुणाला क्लोझापिन चालू असेल तर: दिवस नको, तास मोजा

माझ्या दादाला क्लोझापिन, म्हणजे स्किझोफ्रेनिया या मानसिक आजारावरची गोळी, सुरू होऊन नऊ वर्षं झाली. त्याआधी दोन वेगळी औषधं पुरेशा डोसने, पुरेसे महिने देऊन झाली होती, कानातले आवाज काही थांबत नव्हते, आणि डॉक्टर क्लोझापिन सहसा अशाच वेळी काढतात. या गोळीने आम्हाला आमचा माणूस परत मिळाला हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून कुणीतरी घाबरून गोळीच बंद करेल आणि ते सगळ्यात वाईट. पण बीपीची गोळी ठेवतो तशी ही घरात ठेवून चालत नाही. नातेवाईक, शेजारी आणि व्हॉट्सअ‍ॅपवरची मंडळी हिच्याबद्दल जे सल्ले देतात त्यातले बरेचसे ऐकले तर माणूस कॅज्युअल्टीत पोचेल. डोस किती आणि वाढवायचा कधी ते डॉक्टरचं काम, त्यात मी पडत नाही, मी फक्त घरी काय करायचं ते सांगते.

पाकीट हातात आलं की २५ ची गोळी आहे की १०० ची ते उजेडात वाचून बघा. नाव तेच असतं आणि फरक चौपट. दोन्ही घरात असतील तर दोन वेगळे डबे.

रक्ताची तपासणी चुकवायची नाही. ही गोळी काही थोड्या लोकांमध्ये पांढऱ्या पेशी एकदम खाली आणते, मग साधा घसा धरला तरी जिवावर बेततं. १९७५ मध्ये फिनलंडमध्ये असेच पेशंट दगावले आणि बऱ्याच देशांनी हे औषध मागे घेतलं, पुढे १९८९ मध्ये अमेरिकेने रक्त तपासण्याच्या अटीवर त्याला परवानगी दिली. सर्वात जास्त धोका पहिल्या अठरा आठवड्यांत असतो म्हणून सुरुवातीला दर आठवड्याला सुई, नंतर अंतर वाढत जातं, तुमच्या डॉक्टरांनी लिहून दिलंय तसं करा. रिपोर्टवर फक्त 'नॉर्मल' वाचून घडी घालू नका, आकडा स्वतः काढा: एकूण पांढऱ्या पेशी गुणिले न्यूट्रोफिलची (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींची) टक्केवारी भागिले शंभर. दादाच्या शेवटच्या रिपोर्टवर ६२०० आणि ५८ टक्के होते, म्हणजे ३५९६, हा त्याचा एएनसी, म्हणजे न्यूट्रोफिलचा आकडा. तो १५०० च्या खाली दिसला तर त्याच दिवशी डॉक्टरला फोन, पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही.

ताप आला, घसा दुखला, तोंड आलं, तर त्याच दिवशी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची तपासणी. पॅरासिटामॉल द्या, पण ताप उतरला म्हणून तपासणी रद्द करू नका. आपल्याकडे पावसात ताप म्हटला की सगळे डेंग्यू म्हणून मोकळे होतात, आणि डेंग्यूतही पेशी कमी होतात, त्यामुळे तपासणाऱ्या डॉक्टरला 'क्लोझापिन चालू आहे' हे पहिलं वाक्य सांगायचं, तिसरं नाही. सुरुवातीच्या दोन महिन्यांत तापाबरोबर छातीत दुखलं, धाप लागली किंवा बसल्या जागी नाडी पळायला लागली तर हृदयाला सूज असू शकते, सरळ हॉस्पिटल.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते.

डोस चुकला तर

सगळे सांगतात की एक-दोन दिवस राहिली तर काय होतं, आल्यावर दे. हे मीही ऐकलं होतं. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, आम्ही सगळे गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या मूळ घरी जातो, त्या वर्षी शनिवारी पहाटे निघालो. माटोळीचं (गणपतीच्या वर टांगायच्या फळं-भाज्यांचं) सामान, नारळ, मुलांचे कपडे सगळं गाडीत चढलं आणि गोळ्यांचं पाकीट फोंड्याच्या घरी फ्रिजवर राहिलं. शनिवारी रात्री जेवणं झाल्यावर लक्षात आलं. गावाजवळच्या फार्मसीत ही गोळी नव्हती, रात्री कुणाला फोंड्याला पाठवायचं म्हणून मी गप्प बसले, मामा म्हणाले सणाचं राहू दे गं, सोमवारी घरी गेलात की दे. दादा शनिवार-रविवार नीट होता, आरतीला झांजा घेऊन उभा होता. सोमवारी रात्री साडेनऊला घरी पोचलो आणि मी त्याला नेहमीच्या ३५० एमजी दिल्या, वर बरंही वाटलं की एकदाची दिली.

साडेअकराला तो बाथरूमला जायला उठला आणि दाराच्या चौकटीला धरून खाली सरकला. सगळं अंग थंडगार घामाने भिजलेलं, हाक मारली तर डोळे अर्धे उघडायचे आणि परत मिटायचे. १०८ ला फोन केला. हॉस्पिटलात वरचं बीपी ८० होतं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं शेवटची गोळी कधी, मी म्हटलं दोन दिवस चुकलं. त्या म्हणाल्या, दिवस नको, वार आणि वेळ सांगा. शुक्रवार रात्री साडेनऊ ते सोमवार रात्री साडेनऊ. ७२ तास. मी ज्याला दोन दिवस म्हणत होते ते तीन दिवस होते, आणि मी त्या माणसाला पूर्ण डोस दिला होता.

नियम असा आहे. शेवटच्या डोसपासून ४८ तासांपेक्षा जास्त वेळ गेला तर जुना डोस द्यायचाच नाही, डॉक्टरला विचारून परत १२.५ एमजीपासून, म्हणजे २५ च्या अर्ध्या गोळीपासून सुरू करायचं. कारण ही गोळी बीपी खाली आणते, नाडी मंद करू शकते, गुंगी आणते, आणि सुरुवातीला थोडी थोडी वाढवत नेल्यामुळे अंगाला ते सोसायची सवय झालेली असते. अंगातली गोळी निम्मी व्हायला साधारण १२ तास लागतात, दोन दिवसांत जवळजवळ काही शिल्लक राहत नाही आणि सवयही जाते, मग वर्षानुवर्षं ३५० घेणारा माणूस त्या गोळीला नवखा होतो. फिट येऊ शकते, नाडी थांबायला येऊ शकते. दादा वाचला हे आमचं नशीब.

आणि इथे लोक चुकतात ते बोटावर मोजताना. रात्री एकदाच गोळी असेल तर एक रात्र चुकली की दुसऱ्या रात्री त्याच वेळेला बरोबर ४८ तास भरतात. एकच रात्र! शनिवारी नऊला घेतली, रविवारची राहिली, सोमवारी कार्यक्रमाहून यायला साडेदहा वाजले, झालं, रेषा ओलांडली. म्हणून रात्रीची राहिलीय हे सकाळी कळलं तर सकाळीच डॉक्टरला फोन करा, तेव्हा अजून दहा-बारा तास हातात असतात. सकाळी आपल्या मनाने रात्रीचा डोस देऊ नका, दिवसभर झिंगल्यासारखा होईल. आणि राहिलेली अधिक आजची अशी डबल तर कधीच नाही, मग कुणी काहीही सांगो.

दादाचा डोस परत जागेवर यायला जवळजवळ दोन आठवडे लागले, त्यात एक आठवडा आवाज परत आले होते. एकदम थांबवलं तर आजार उसळतोच, शिवाय उलट्या, घाम, झोप उडणं हेही होतं. खंड मोठा असेल तर रक्ताच्या तपासण्याही परत जवळ जवळ कराव्या लागतात, तेही तेव्हाच विचारून घ्या.

तेव्हापासून मी काय करते ते सांगते. कॅलेंडरवर नुसती टिक मारत नाही, गोळी तोंडात गेल्यावर वेळ लिहिते: ९.१०, ९.२५, अशी. मूळ घरी देवघराच्या कपाटात चार दिवसांच्या गोळ्या तारीख लिहून ठेवल्यात, दर चवथीला आणि जत्रेला बदलते. एक पट्टी माझ्या पर्समध्ये. दादाच्या पाकिटात कार्ड आहे, त्यावर गोळीचं नाव, डोस, आणि '४८ तासांहून जास्त खंड असल्यास हा डोस देऊ नये'. घरात सात दिवसांच्या गोळ्या उरल्या की नवीन आणायची, शेवटच्या पट्टीपर्यंत थांबायचं नाही, ही गोळी प्रत्येक फार्मसीत नसते.

अजून एक, आणि हे मला सगळ्यात उशिरा कळलं. एका पावसात खिडकीच्या गजामागे मला गोळ्या सापडल्या, ओल लागून फुगलेल्या, कडा विरघळलेल्या, पाच रात्रींच्या. माझ्या कॅलेंडरवर पाचही रात्री वेळ लिहिलेली होती. तो जिभेखाली धरायचा आणि मी गेले की काढायचा, लाळ गळते म्हणून त्याला नको झाली होती. आधी एकदा त्याने खरं सांगितलं होतं तेव्हा मी ओरडले होते, म्हणून या वेळी सांगितलं नाही. गोळी चुकली हे सांगितल्यावर घरात आरडाओरडा होत असेल तर तुम्हाला खरे तास कधीच कळणार नाहीत, आणि खोट्या तासांवर दिलेला डोस म्हणजे आमची ती सोमवारची रात्र. आता तो स्वतःहून सांगतो 'काल नाही घेतली', मी 'बरं' म्हणते आणि फोन उचलते. रागावू नका. आणि न सांगता पेजेत कालवून देऊ नका, एकदा ते उघड झालं की तो तुमच्या हातचं जेवणच सोडेल. देवळात कौल लावायचा असेल तर जरूर लावा, आमची आईही लावते, पण कौल काहीही येवो, गोळी आपल्या वेळेला.

पोट

बद्धकोष्ठ ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही. क्लोझापिनने आतडी मंदावतात, कधी कधी थांबतातच, आणि त्याने माणसं गेली आहेत, २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध खात्याने यासाठी कडक इशारा दिला. रोज विचारा, लाज वाटली तरी विचारा. सगळे इसबगोल सांगतात. आतडं हलतच नसेल तर इसबगोल आत फुगून बसतं, म्हणून डॉक्टर सहसा पोट हलवणारं किंवा पाणी ओढणारं औषध देतात, ते मागून घ्या. थरथर कमी करायची गोळी जोडीला असेल तर त्रास वाढतो, विचारा. तीन दिवस झालं नाही, पोट फुगलं, दुखतंय, उलटी झाली, तर त्याच वेळी हॉस्पिटल.

सिगारेट, चहा आणि दुसऱ्या गोळ्या

विडी-सिगारेटच्या धुराने ही गोळी अंगातून लवकर निघून जाते. म्हणून रोज ओढणाऱ्याने एकदम सोडली तर तोच डोस आठवडाभरात जड होतो, गुंगी वाढते, फिट येऊ शकते. सिगारेट सोडणं चांगलंच, फक्त आधी डॉक्टरला सांगून. अ‍ॅडमिट केल्यावर सिगारेट बंद होते तेव्हाही हेच. हा परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नाही. चहा-कॉफी खूप असेल तर उलट, गोळी अंगात साठते. जुलाब झाले म्हणून घरातली सिप्रोफ्लॉक्सासिन देऊ नका, तिनेही क्लोझापिनचं प्रमाण फार वाढतं. उर्राकचा (काजूच्या दारूचा) सीझन असो की घरची फेणी, घोटभरसुद्धा नको.

लाळेसाठी उशी उंच, कुशीवर झोप, वर टॉवेल, आणि फार होत असेल तर डॉक्टरला सांगा, उपाय आहेत. उठताना आधी दोन मिनिटं कॉटवर बसायचं. वजन महिन्यातून एकदा, साखर आणि कोलेस्टेरॉल सांगतील तेव्हा, आणि पाव-उंड्यावर हात आवरा कारण भूक खरोखर वाढते, तो हावरटपणा नसतो. डोस बसेपर्यंत स्कूटरची चावी तुमच्याकडे. खूप ताप, अंग लाकडासारखं ताठ आणि बोलणं असंबद्ध, असं तिन्ही दिसलं तर १०८.

रात्री-अपरात्री नुसतं विचारायचं असेल आणि डॉक्टर फोन घेत नसतील तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहे, फुकट आहे. फोन लावण्याआधी कॅलेंडर समोर घेऊन बसा आणि शेवटच्या गोळीची वेळ वाचून सांगा.